डेलॉसचं टिपण
ओल्या हळदीचा वास आला की मला एम.ए.च्या वर्षातली ती सकाळ आठवते. सिंदी मेघेच्या आमच्या घरी दादाची हळद होती आणि मी आतल्या खोलीत आत्याजवळ बसून डेलॉस या प्राचीन ग्रीक बेटावर टिपण काढत होते. आत्या लग्न न झालेली, आमच्यातच राहिलेली. डॉक्टरांनी तिची आशा सोडली होती. डेलॉसवर देव जन्मला म्हणून कवी स्तोत्रं गात. पुढे बेटावर सत्ता आलेल्या अथेन्सने हुकूम काढला, की तिथे कुणी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही. मरणाऱ्याला शेजारच्या बेटावर न्यायचं. इतकं लिहिलं आणि बाबा आत आले. हळूच म्हणाले, "आत्याले केळझरले काकाकडं पोचवून येजो. काही झालं तं लगन आटोपल्यावरच फोन करा म्हणा. कळलं नाई तं सुतक नाई." मी वही मिटली आणि आत्याला ऑटोत बसवलं. वाटेत माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिनं विचारलं, "मले काऊन नेऊन राह्यली वं? लगन तं घरी हाय ना?" "तिथं शांत झोप लागंल तुले," मी म्हणाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आत्या आदल्या सकाळीच गेली होती. बाबा ओसरीवर बसून रडले. मला रडू आलं नाही, आजही येत नाही. मी नाही म्हटलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.