चाळीतला धोडप

दोन हजार सहा साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. पाडवा होऊन गेला होता, रामनवमी तोंडावर आली होती, आणि मी आमच्या कांद्याच्या चाळीत बांबूला सुतळ्या बांधत होतो. मुलगा सोपान मोबाईल हातात धरून चाळीच्या तोंडाशी आला. आत आला नाही. म्हणाला, "आप्पा, देवळ्याहून फोन होता. कुलथे सर गेले. पहाटे झोपेतच." मी हातातली गाठ पूर्ण बांधली, मग दुसरी बांधायला घेतली. सोपान म्हणाला, "आप्पा, ऐकलं का?" मी म्हटलं, "ऐकलं. सुतळी दे." त्यानं दिली. मग ती सुतळी कशाला मागितली होती, तेच मला आठवेना...

सुधाकर कुलथे हे हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. मूळचे नाशिकचे, पंचवटीतले, पण नोकरीमुळं देवळ्यात आले आणि इथलेच झाले. पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या, 'ज्येष्ठ निसर्गचित्रकार' म्हणून. चार ओळींत माणूस मावत नाही. मी चौथी शिकलेला. लिहिणं माझं काम नाही, पण सरांबद्दल दुसऱ्या कोणी वेडंवाकडं लिहावं त्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

पहिली भेट म्हणजे भांडण. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. रविवारी सकाळी शेतात गेलो तर माझ्या बांधावर एक माणूस तीन पायांचा स्टँड रोवून उभा. डोक्यावर टोपी, एक डोळा बारीक, हात लांब करून पेन्सिलीनं धोडपच्या डोंगराकडं माप घेतोय. आमच्याकडं तीन पायांचा स्टँड घेऊन जो येतो तो मोजणीवाला. त्याच्या मागं कालवा येतो, नाहीतर रस्ता येतो, आणि दोन्ही आपल्याच रानातून जातात. मी लांबूनच ओरडलो, "ओ साहेब! कोणाला इचारून मोजताय? नोटीस कुठंय?" ते दचकले. म्हणाले, "मोजत नाही हो, बघतोय." मी म्हटलं, "बघायला स्टँड लागतो व्हय? आमाला तर डोळे पुरतात." तेव्हा ते हसले आणि त्यांनी कागद माझ्याकडं वळवला. आत माझं रान. कांद्याचे वाफे, शेवग्याचं झाड, मागं धोडप, त्याच्या त्या मधल्या खाचेसकट. मी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "माझी विहीर कुठंय?" म्हणाले, "ती नाही घेतली. चित्रात मधे येते." माझं डोकं फिरलं. काळा दगड फोडून खणलेली विहीर, आणि ती म्हणे मधे येते! मी तिथंच बांधावर बसलो. म्हटलं, "विहीर काढल्याबिगर तुमचा स्टँड काय हलत नाय." त्यांनी विहीर काढली. वर मोटेचं जुनं चाकसुद्धा काढलं. नंतर कैक वर्षांनी मला म्हणाले, "आप्पा, तुमचं बरोबर होतं. विहिरीमुळं चित्र उभं राहिलं." मी म्हटलं, "ते मला तेव्हाच ठावं होतं."

मग दर रविवारी यायचे. मोपेडला मागं बोर्ड बांधलेला, खांद्याला झोळी. आमच्या घरचे लोक त्यांना चहा द्यायचे आणि बदल्यात ते काही द्यायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. बायको म्हणायची, "भाऊ, एवढं काय बघता? डोंगर काय पळून जातो का?" सर म्हणायचे, "पळतो, वहिनी. दर घटकेला पळतो." बायको मला आत येऊन सांगायची, माणूस चांगला हाय, पण जरा हललेला दिसतो.

एकदा नाशकात त्यांनी हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. मी मुद्दाम गेलो. पॉलिश केलेली फरशी, थंडगार हवा, आणि आत सर एकटे खुर्चीवर. जे आले ते सरबत प्याले, वहीत सही केली आणि गेले. धोडपचं चित्र भिंतीवर कसं दिसत होतं सांगू? पाहुण्याच्या घरी नेऊन बसवलेल्या माणसासारखं. मी म्हटलं, "सर, हे सगळं उचला. माझ्या चाळीत लावा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांद्याची चाळ म्हणजे लांबलचक मांडव, वर पत्रे, दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या, म्हणजे वारा खेळता राहतो आणि कांदा सडत नाही. आत खण पाडलेले. उन्हाळ कांदा चैत्राच्या शेवटाला आत पडतो. त्याआधी चाळ रिकामी, झाडून ठेवलेली. आणि नेमकं तेव्हाच, रामनवमीपासून पुनवेपर्यंत, खानदेशातली माणसं सप्तशृंगी गडाच्या यात्रेला आमच्या रस्त्यानं पायी जातात. ऊन मी म्हणत असतं, रस्त्याला झाड नाही. सावली दिसली की माणसं आत येतात. मी सरांना म्हटलं, "तुमी चित्रं लावा, मी रांजण भरून ठेवतो. पाण्याला आलेला माणूस चित्र बघितल्याशिवाय जाणार कुठं?"

आणि तसंच झालं. पहिल्या वर्षी सोपान कुरकुरला, "आप्पा, कांदा उपटून शेतात पडलाय, आभाळ आलं तर?" मी म्हटलं, "पुनवेपर्यंत चाळ सरांची." ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. आभाळ यायचं, कधी कांदा भिजायचाही, पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. यात्रेकरू यायचे, पायातल्या चपला काढायचे, आणि बांबूला टांगलेल्या चित्रांपुढं गर्दी करायचे. एक म्हातारी दुसरीला विचारायची, "हाऊ धोडप शे का वं?" दुसरी म्हणायची, "धोडपच शे. ती देख खाच." मागून तिसरा, "मंग यामा मन्हं गाव कोठे शे?" सर उठून त्याला समजावून सांगायचे की तुमचं गाव डोंगराच्या पार पलीकडं राहिलं, आणि तो म्हणायचा, "मंग पुढला साल तिकडथून काढज्या!" असलं सगळं ऐकून सर इतके हसायचे की डोळ्यांना पाणी यायचं.

एका वर्षी सप्तशृंगीच्या गडाचं मोठं चित्र होतं. मी रांजणाशी होतो. वळून बघतो तर एका बाईनं चित्रातल्या गडाला हळदकुंकू लावलं, पुढं नारळ ठेवला आणि हात जोडून उभी. तिचे पाय सुजलेले होते, गडापर्यंत काही पोचायची नाही, हे तिलाही कळलं असावं. पण मला तेव्हा रंगाचा खराबा दिसला. मी ओरडत धावलो, "ओ बाई, तो देव नाय, कागद हाय!" सरांनी माझा दंड धरला. "राहू द्या आप्पा," म्हणाले. "आजपर्यंत माझं चित्र लोकांनी बघितलंय. पोचलं कोणी नव्हतं." ते कुंकू त्यांनी कधी पुसलं नाही. नाशकाहून कोणी साहेब ते चित्र मागायला आले, त्यांनाही दिलं नाही.

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. आधी मोपेड एका बाजूला घसरायला लागली. मग बायकोनं पुढं केलेला चहाचा कप हाताला लागून सांडायला लागला. गावात एकजण मला म्हणाला, "सर आजकाल दुपारीच घेत्यात वाटतं." मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पण चित्रांत मला दिसत होतं. कडा कोऱ्या राहायला लागल्या होत्या. आधी शेवगा गेला, मग वाफे गेले. एका चैत्रात बघितलं तर माझी विहीर नव्हती. धोडप होता, त्याच्याखाली थोडं रान होतं, आणि बाकी सगळा नुसता कागद. लोक म्हणायचे, "काय सर, रंग म्हाग झाला का?" सर म्हणायचे, "हो ना, लय म्हाग." विहिरीचं मी त्या वेळी काही बोललो नाही. पहिल्यांदाच.

मीच त्यांना नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. बाजूनं नजर बंद होत आलीय, नळीतून बघावं तसं दिसत असणार. गेलेली परत येणार नाही, उरलेली टिकते का बघू. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझे दोन्ही चांगले हायेत. या वयात एक पुरतो. दुसरा काढून यांना बसवा." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, डोळा बदलून उपयोग नाही. मागची नसच सुकत चाललीय." ते मला कळलं. बोअरचं पाणीच आटलं तर वर कितीही नवी मोटार बसवा... परत येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते.   आयुष्यात अडलं तिथं मी जोर लावला. खडक लागला, सुरुंग लावला. माणूस आडवा आला, त्याला आडवा केला. इथं जोर लावायला जागाच नव्हती.

तरी चैत्रातलं प्रदर्शन थांबलं नाही. चित्रं कमी झाली, लहान झाली. शाळेतून ते निवृत्त झाले होतेच. मग मोपेड गेली, मी बैलगाडीनं, नंतर सोपानच्या ट्रॅक्टरवर त्यांना बांधावर आणायचो. त्या शेवटच्या फाल्गुनात नळीही मिटत आली होती. उजेड आणि अंधार एवढंच राहिलं होतं. एक दिवस म्हणाले, "आप्पा, एकदा अख्खा धोडप काढायचाय. पायथ्यापासून. तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं." मी म्हटलं, "मला काय सांगता येतं त्यातलं?" म्हणाले, "एवढी वर्षं त्याच्यापुढं राबताय आणि सांगता येत नाही?"

बसलो दोघे बांधावर. बोर्ड त्यांच्या मांडीवर आडवा. मला बजावलं, "इकडं बघायचं नाही. इकडं बघाल तर मला सांभाळून घ्याल. तिकडंच बघा आणि बोला."

"कसा दिसतोय?"

"रोजच्यासारखा."

"रंग?"

"निळा."

"कसला निळा?"

"निळा म्हणजे निळा, सर! आता काय निळ्याची जात सांगू?"

ते हसले. म्हणाले, "सांगा की." मी डोळे ताणून बघितलं. म्हटलं, ओलं लाकूड चुलीत घातलं की सकाळी पहिला धूर निघतो, तसा. ते "बरं" म्हणाले आणि बोटांनीच रंग लावल्याचा आवाज आला. पायथ्याला? पायथ्याला गवत वाळलंय, गाय उन्हात बसली की तिच्या पाठीचा होतो तसला रंग. बरं. आणि ती खाच? मी म्हटलं, खाचेतून पलीकडचं आभाळ दिसतंय. "कसलं आभाळ, आप्पा?" इथं मी अडलो. धुरासारखं नव्हतं, पाण्यासारखं नव्हतं, कशासारखंच नव्हतं. आभाळ होतं. सर थांबून राहिले.  एवढा मोठा डोंगर समोर, दोन्ही डोळे शाबूत, आणि माझ्या तोंडात शब्द नाही... शेवटी म्हणाले, "असू द्या." असे बरेच दिवस बसलो. रोज तिथपर्यंत यायचो आणि रोज मी तिथंच अडायचो.

चित्र झालं तेव्हा त्यांनी ते जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि चाळीत ठेवायला माझ्याकडं दिलं. म्हणाले, "हे रामनवमीला सगळ्यांबरोबरच उघडायचं. आणि मग मला सांगायचं, धोडप आला का नाही. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारतोय." मी म्हटलं, "आला नसंल तर नाय आला म्हणीन." म्हणाले, "मग काय तर!"

अंत्यविधी देवळ्यात झाला. माणसं बरीच आली, त्यांच्या हाताखालून गेलेली. संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो होतो. मंदावहिनी, त्यांची बायको, भिंतीला टेकून होत्या. मला बघून म्हणाल्या, "लोक नाना तऱ्हेचं बोलले आज, पण मला तुम्हाला एकच विचारायचंय आप्पा. रात्री झोपताना ते म्हणत होते, आप्पांनी चोरून बघितलं तर नसेल? बघितलं का हो तुम्ही? डोंगर आलाय का?" मी म्हटलं, "शब्द दिला होता, वहिनी. नाय बघितलं." त्या म्हणाल्या, "मग आता बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडं फुटायला मी चाळीत गेलो. ते गुंडाळलेलं चित्र घेतलं आणि बांधावर आमच्या जागी येऊन बसलो. ऊन धोडपवर पडेपर्यंत थांबलो. मग लुगडं सोडलं. निळा होता. धुराचा म्हणावा तर होता. पिवळा होता, पण तो खाली नव्हता, मधून आडवा गेला होता. बोटांचे ठसे सगळीकडं. कोऱ्या जागा राहिल्या होत्या, एक नाही, बऱ्याच, त्यातली खाच कुठली कोण सांगणार? मी चित्र उभं धरलं, आडवं धरलं, उलटं केलं. एकदा समोर बघायचो, एकदा हातात. सरांचा हात चुकला होता, की माझं सांगणं, हे विचारायलाही आता कोणी नव्हतं. ऊन वर आलं. तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "सर, नाय आला." दिलेला शब्द होता. पलीकडच्या वावरातल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. मी उठलो. चित्र चाळीत नेलं, मधल्या खणात सुतळीला बांधलं आणि रांजण भरायला गेलो. कुठली बाजू वर आली, ते बघितलं नाही.