दोन जुन्या तावांची दुरुस्ती

काठी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण हातात कायम मोजणीची काठी आणि अंगाने स्वतः तिच्याहून फारसा जाड नाही, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. त्याची कचेरी दर दहा वर्षांनी देशभरच्या जमिनीची हजेरी घेई: कुठली जमीन पाणी धरते, कुठली माती अडवते, कुठल्या बागेत फळ धरायला अजून मधमाश्या येतात, आणि गेल्या दहा वर्षांत यातलं काय काय बंद पडलं.

ऐकायला काम शांत वाटतं. पहिल्या फेरीत डोंगरावरच्या जंगलापुढे त्याने ‘दाट’ऐवजी ‘विरळ’ लिहिलं, तेव्हा लाकडाच्या वखारवाल्यांनी त्याचे दोन दात पाडले. दुसऱ्या फेरीत ‘माश्या नाहीत’ असं लिहिल्याबद्दल एका बागवाल्याने अंगावर कुत्री सोडली. तिसऱ्या फेरीत खाणवाल्यांनी त्याला उतारावरून ढकलून दिलं. हा उतार आता काहीच धरून ठेवत नाही, असं त्याने नुकतंच नोंदवलं होतं. तो थेट पायथ्यापर्यंत घरंगळत गेला, त्यामुळे निदान नोंद पक्की झाली.

तीन बरगड्या मोडल्या आणि अख्खा उन्हाळा अंथरुणात गेला. परिणामी कचेरीच्या इतिहासात कधी न घडलेली गोष्ट घडली: कुणीतरी पावसाळ्यात मोजणीला गेलं. एरवी मोजणी उन्हाळ्यातच व्हायची, कारण तेव्हा जीप सगळीकडे जाते. शहराबाहेरच्या मोठ्या खोलगट माळावर आधीच्या दोन्ही फेऱ्यांत त्याला भेगाळलेला चिखल दिसला होता आणि दोन्ही वेळा त्याने इमानेइतबारे ‘पडीक’ लिहिलं होतं. आता तो त्याच माळावर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. माळाच्या वरच्या अंगाला नदी दीड हात चढली होती. माळाच्या खालच्या अंगाला, जिथे चारशे घरांची वस्ती होती, तिथे ती जेमतेम चार बोटं चढली. मधलं सगळं पाणी त्याच्या कमरेभोवती थांबलेलं होतं.

त्याच्याच दोन ‘पडीक’च्या भरवशावर हा माळ भरून टाकायचं ठरलं होतं. भराव सोमवारपासून. डंपर त्याच्या धाकट्या भावाचे.

भाऊ गॅरेजमध्ये चाकाचे नट आवळत होता. शेजारी ड्रायव्हर चहा पीत होता.

“ती जागा पाणथळ आहे,” काठी म्हणाला. “मी बदलून लिहितोय.”

“दोनदा पडीक तूच लिहिलंस ना, दादा?”

“दोनदा चुकलो.”

“मग अजून एकदा चूक. हात बसलाय तुझा.”

“खाली चारशे घरं आहेत. तुझी सासुरवाडी आहे त्यात.”

“मग तर भरूच.”

ड्रायव्हर हसला. काठी हसला नाही आणि निघाला, तेव्हा भावाने त्याचं मनगट धरलं. लिहायचा हात कुठला हे विचारायची गरज नव्हती. लहानपणी त्याच हाताच्या थपडा त्याने खाल्ल्या होत्या. तो हात त्याने लोखंडी बाकावर दाबला आणि पान्ह्याने तीन फटके मारले. पहिल्यात बोटं गेली, दुसऱ्यात पंजा. तिसरा कशासाठी होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. ड्रायव्हरचा चहा सांडला.

“अहो, आता तरी घरी बसा,” बायको म्हणाली. “भावजींनी एक हात शाबूत ठेवलाय, तेवढं पुष्कळ समजा.”

त्या शाबूत हाताने त्याने नकाशाच्या तावावर माळ पाणथळीच्या निळ्या रंगाने रंगवला. रंग कडेबाहेर गेला. शुक्रवारी तो ताव घेऊन साहेबांपुढे उभा राहिला.

साहेब खूश झाले. “आधी दोनदा पडीक, आता पाणथळ! वीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी वाढलं. आणि वाढलंय म्हटल्यावर थोडं भरलं तर बिघडलं कुठे?”

“वाढलं नाही, साहेब. आधीपासून होतं. जुने दोन्ही ताव दुरुस्त करायला हवेत.”

“म्हणजे चूक तुमची.”

“माझीच.”

“नोकरी जाईल.”

“जाईल.”

साहेबांनी जुने ताव मागवले आणि खालच्या सह्यांवर बोट ठेवलं. “ज्याची सही, त्याचीच दुरुस्ती. पण डाव्या हाताची सही जुळणार नाही. प्लास्टर निघालं की या. किती दिवस म्हणालेत?”

“सहा आठवडे.”

“मग सहा आठवड्यांनी या.”

काठीने शिपायाकडून नकाशांचं कापड कापायची मोठी कात्री मागून घेतली. शिपायाने आधी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी फायलीत पाहिलं. प्लास्टर कापायला दहा मिनिटं लागली. आतला पंजा वांग्यासारखा जांभळा होता. काठीने दोन बोटांच्या फटीत पेन खोचलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते कागदावर ढकललं आणि पहिली सही केली. दुसऱ्या सहीच्या मध्यावर आत काहीतरी कटकन सरकलं. तो आवाज टेबलापलीकडे ऐकू गेला. सही त्याने पुरी केली, मग कचऱ्याच्या टोपलीत ओकला.

साहेबांनी चारही सह्या भिंग लावून पाहिल्या आणि शिक्का मारला. “जुळतात,” ते म्हणाले. नियमात नसलं, तरी पाण्याचा पेला त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे केला.

भराव थांबला, नोकरी गेली. त्याच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. भावाने डंपर शेजारच्या भागात नेले. तिथेही शहराबाहेर असाच एक खोलगट माळ होता आणि तावावर तो तिन्ही वेळा पडीक होता. तिथला मोजणीवाला उन्हाळ्यातच जाऊन आला होता. त्याचे दोन्ही हात धडधाकट होते.