गुदगुल्यांची ड्यूटी

मी बाबलच्या तळपायात टाचणी टोचली आणि बाबल माझ्याकडे बघून हसला. टोचल्यावर हसणारा पेशंट डॉक्टरला नको असतो.

साठ सालाच्या आसपास मी आचऱ्याजवळच्या एका दवाखान्यात होतो. सकाळी होडी ओढताना बाबल खडकावर आपटला, खांदा फाटला, पुष्कळ रक्त गेलं. आणला तेव्हा तो शॉकमध्ये होता. शॉक म्हणजे घाबरणं नव्हे. अंगात रक्त कमी पडून बीपी कोसळणं. मी खांदा शिवला, सलाईन लावलं आणि दोन्ही पाय घोट्यांपासून मांड्यांपर्यंत बँडेजनं आवळले. पायांतलं रक्त हृदयाकडे जावं म्हणून. हा इलाज थोड्या वेळापुरता. मग बँडेज हळूहळू सोडायचं. एकदम सोडलं तर रक्त पुन्हा पायांत उतरतं आणि बीपी पडतं. सोडलंच नाही तर पाय उपाशी मरतो.

दुपारी बीपी सुधारलं. मी बँडेज थोडं सैल करून ओपीडीत गेलो. परत येतो तर ते पुन्हा आवळलेलं, वर होडीवरची पक्की गाठ. पुन्हा सैल केलं. पुन्हा तेच, आणखी घट्ट. आता डाव्या पायाची बोटं निळी आणि गार होती. मग ती टाचणी, आणि पायाला काही कळतच नव्हतं. लागलं खांद्याला आणि जायची वेळ पायावर!

"कोणी आवळलं हे?" मी ओरडलो.

होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, दाजी ऐटीत पुढे आला. "सैल पडलेला, म्हणान मी वायच आवळलंय."

"मिया पण," बाबलची बायको म्हणाली. बाबलच्या सासूनंही मान हलवली. भेटायला येणारा प्रत्येकजण मायेनं एकेक हिसका देऊन गेला होता.

"तेनाच तर जीव वाचलो, डॉक्टरानू," दाजी म्हणाला. "आता कित्याक सोडतास?"

"पाय कापायचा असेल तर राहू दे!"

मी बीपी बघत बघत बँडेज उलगडलं. मला खरंच भीती वाटत होती. एका पायाचा माणूस होडीवर काय करणार?

शिवाय या मंडळींचे हात रिकामे ठेवण्यात अर्थ नव्हता. मी कंपाउंडरकडून कोंबडीचं पीस मागवलं. "येईल त्यानं तळपायाला गुदगुल्या करायच्या. बाबल हलला की मला हाक मारा. बँडेजला हात लावील तो बाहेर!"

सासूनं केल्या, शेजाऱ्यांनी केल्या. बाबल ढिम्म. बायको डोळे पुसत पीस फिरवत राहिली.

संध्याकाळी आतून आरोळी आली, "मेल्या दाजी, सोड माझो पाय!"

मी धावलो. बाबल शिव्या देत होता. दाजी रडत होता, पण पीस थांबवत नव्हता.

पाय वाचला. तेव्हापासून मी बँडेज बांधतानाच ते कोण सोडणार हे ठरवतो, आणि नातेवाइकांना आधी काम देतो. बाबल पुढे सर्दीसाठी आला तरी पाय बाकाखाली लपवूनच बसायचा.

"सुयो व्हयो तितक्यो मारा, डॉक्टरानू. पायाक तेवढो हात लावू नकात."