ट्रेलरमध्ये न घेतलेलं बोलणं

मी विनोदी कथांचा ब्लॉग लिहिते हे आमच्या मूल गावात फारसं कुणाला माहीत नाही. शाळेत शिकवून आलं, कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत मोबाइलवर लिहायचं. कथा सगळ्या एका काल्पनिक गावातल्या. एकीत ग्रामसभेचा कोरम भरत नसतो. तेवढ्यात अस्वल येऊन मागच्या सतरंजीवर बसतं, आणि सरपंचबाई त्यालाही मोजून सभा सुरू करतात.

वाचणारे थोडेच. पण डी.एड.पासूनची माझी मैत्रीण, चंद्रपूरला असते, ती पहिली वाचक. लिंक पाठवली की तिचे हसून लोळणारे चेहरे आलेच. "पोट दुखलं वं हासून हासून," असं लिहायची. हे सगळं सोडून द्यावं असं जेव्हा जेव्हा वाटलं, तेव्हा मी तिच्यासाठी पुढची कथा लिहिली.

ट्रेलरचंही तिनंच काढलं. "लोकं आता वाचत नाईत, पाहतात. एक व्हिडिओ बनव. मी बनते तुई सरपंचबाई."

रविवारी ती सासूचं लुगडं घेऊन बसनं आली. घरामागच्या मोहाच्या झाडाखाली आम्ही सतरंजी टाकली. मोबाइल माझ्या नवऱ्यानं धरला. आवाज नीट यावा म्हणून मी छोटा माइक मागवला होता, तो तिच्या पदराला अडकवला. अस्वल मीच, काळं घोंगडं पांघरून. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "ओ काळे भाऊ, तुमी कोन्या वार्डाचे?" हे वाक्य माझं नव्हतंच, तिला तिथंच सुचलं. मी घोंगड्यात एवढी हसले की पुन्हा शूट करावं लागलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी कापाकापीला बसले. एका क्लिपमध्ये नुसती मोहाची पानं आणि आभाळ. मी चहा करायला आत गेले होते, तेव्हा नवऱ्यानं मोबाइल तसाच चालू ठेवून स्टुलावर टाकला होता. आवाज मात्र स्वच्छ.

"भाऊजी, खरं सांगू? मी एक बी गोष्ट पुरी वाचली नाई. लिंक आली का हासरे चेहरे टाकून देते."

नवरा हसला. "मी तं उघडत बी नाई."

"तिले कुठी जमते इनोद? पण मन मोडवत नाई."

मग लांबून माझा आवाज, "साखर किती टाकू वं?" आणि तिचा, एकदम लाडाचा, "टाक तुया हातानं!"

तो माझा आवाज मला ऐकवेना. किती खुशीत होते मी.

नवऱ्याला क्लिप ऐकवली, तर तो म्हणाला, "मजाक होती ते. तू काऊन मनाले लावून घेते?" मी मैत्रिणीला फोन केला. विचारलं, "वाचलंच नाई तं पोट कशानं दुखत होतं तुयं?"

ती म्हणाली, "अवं, तुले बरं वाटावं म्हनून पाठवत होती. दुसऱ्या कोनं एवढं बी केलं असतं काय?"

"मले खोटं नको होतं."

"मंग खरं आयकून काय करतं आता? लिहिनं सोडतं?"

मी फोन ठेवला.

ती क्लिप काढून टाकली, पण मैत्रिणीला कशी काढणार? तिच्याशिवाय ट्रेलर उरतच नव्हता. संध्याकाळ संध्याकाळ बसून मी तिचाच चेहरा जुळवत राहिले, तिचंच हसू मागेपुढे करत. ट्रेलर टाकला. लोक हसले, खूप हसले. 'ही बाई कोण हो?' असं कितीतरी जणांनी विचारलं. कथा उघडल्या फारच थोड्यांनी.

मी अजून लिहिते. तिला लिंक पाठवत नाही. तिचे फोन येतात. सुनेचं, गुडघ्याचं सांगते. लिंक का येत नाही, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

परवा जेवताना नवऱ्यानं मोबाइल काढला आणि माझी एक कथा मोठ्यानं वाचायला घेतली. मला बरं वाटावं म्हणूनच. तो मोठमोठ्यानं हसत होता, आणि जिथं हसायचं नाही नेमका तिथंच. "राहू द्या," मी म्हटलं आणि ताटं उचलली.