अण्णांच्या मेंदूतले हिरवे धागे

माझ्या वडिलांनी डोक्यातली गाठ पूर्ण काढू दिली नाही.

आज दुपारी अण्णा गेले.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लांटवर त्यांची नोकरी. काचबिंदूने आईची नजर गेली, तेव्हापासून घरात दुसरी ड्युटी. आईला सगळं सांगायचं. भाजी कशी आहे, समोरच्यांनी गेटला कोणता कलर दिला, कोण बारीक झालं.

मग त्यांचे शब्द चुकायला लागले. मीठ मागायचं तर कुलूप मागायचे.

एमआरआयमध्ये गाठ निघाली.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी अजून एक स्कॅन करवला. डिफ्यूजन इमेजिंग. मेंदूतलं पाणी मज्जातंतूंच्या लांबीला धरून सरकतं, ते मशीन टिपतं आणि त्यावरून तंतूंचा रंगीत नकाशा बनतो.

अण्णांचे बोलण्याचे तंतू गाठीला अगदी चिकटून गेलेले.

डॉक्टर म्हणाले, पूर्ण काढली तर आयुष्य वाढू शकेल, पण वाचा जाण्याचा धोका मोठा. थोडी ठेवली तर बोलणं बहुतेक राहील, पण गाठ परत वाढेल.

घरी येऊन अण्णांनी ते चित्रसुद्धा आईला सांगितलं. रंगीत सुताचा गुंता, मधे बटाट्यासारखी काळी जागा, तिच्या कडेनं वळून गेलेले हिरवे धागे. तेच बोलण्याचे.

आई म्हणाली, "समदी काढून घ्या. न्हाई बोललात तरी चालंल. हात धरायला तर राहाल."

अण्णा म्हणाले,

"तुला मी दिसत न्हाई. बोललो बी न्हाई, मंग दिवसभर मला शोधत बसशील."

आईने तो विषय परत काढला नाही.

ऑपरेशनमध्ये डॉक्टर त्या धाग्यांपाशी थांबले. शुद्धीवर आल्यावर अण्णा आईला पहिलं काय बोलले, तर इथला पडदा लई मळका आहे.

आम्ही सगळे हसलो. आई रडली.

पुढे दोन उन्हाळे मिळाले. मग गाठ वाढली. आधी उजवा हात गेला, मग चालणं. बोलणं सावकाश झालं, पण राहिलं.

आज सकाळी मी पुण्याहून पोचले. दारातच रडू फुटलं. आईला कळू नये म्हणून ओढणी तोंडावर दाबून उभी राहिले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच तिला म्हणाले,

"पोरगी आली. दारात रडू राह्यली. जवळ घे तिला."

आईने हात पुढे केला.

अण्णा, सावकाश जा.
तुम्हाला साष्टांग नमस्कार.