साठीकडं झुकलेली नवरी

गोजरबाईला पहिल्यांदा मुंडावळ्या बांधल्या तेव्हा ती एवढीशी होती, की मामानं तिला कडेवर घेऊन मांडवात आणलं. दुसऱ्यांदा बांधल्या त्या पाथर्डीच्या बाजारात, भर चौकात. तेव्हा ती आजी झालेली होती आणि पुढचे दोन दात पडले होते.

झालं असं, की नगरहून पंकजाताई आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरींची लग्नं लहानपणी का लागतात, यावर त्यांना पथनाट्य बसवायचं होतं. सगळी पात्रं मिळाली, नवरी मिळेना. कुठलीच आई पोर द्यायला तयार नव्हती. "लटक्या मुंडावळ्या पोरीच्या कपाळाला नकोत, अवलक्षण असतंय," असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणजे पंधराव्या वर्षी खऱ्या बांधल्या तर चालतील, खोट्या नकोत. तालमीला चहा करायला आलेली गोजरबाई हे ऐकत होती. म्हणाली, "द्या हिकडं. माझं काय व्हायचं ते होऊन गेलंय."

घरी नवरा सूर्यभान म्हणाला, "मला न इचारता दुसरं लगीन लावतीस व्हय?"

"पहिल्याला तरी मला कुनी इचारलं हुतं?" असं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

पहिल्या खेळाला लोक पोट धरून हसले. पिवळं लुगडं नेसलेली म्हातारी लाजत लाजत सांगते, "मी चौदाची हाय." पण पुढच्या प्रवेशात मुकादम तिच्या हातात कोयता देतो. ती वाकते, ऊस तोडल्यासारखं करते, मोळी उचलून डोक्यावर घेते आणि चालू लागते. मोळी नसते, पण मान बरोबर तेवढीच दबते. तिथं हसू विरत जायचं. नवरी आणि पुढं नवरीचं काय होतं, दोन्ही एकाच अंगावर दिसायचं. पंकजाताईंनी एवढा विचार करून तिला घेतलं नव्हतं. पण नंतर कुणी तारीफ केली, तर त्या नाकारत नसत.

नाटकातली खरी गंमत लग्नाच्या प्रवेशात होती. सुरुवातीलाच सगळ्यांच्या मुठीत ज्वारीच्या अक्षता दिल्या जात. भटजी झालेला भिमाजी ओरडायचा, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!" आणि लोक आपल्यातल्याच एखाद्याला ढकलून पुढं पाठवायचे. तो हसत हसत गोजरबाईला हाताला धरून पाटावर आणून उभं करायचा. मंगलाष्टकं सुरू झाली, की हात आपोआप वर जायचे. सवयच ती. मग पंकजाताई पुढं येऊन विचारायच्या, "ह्या चौदा वर्षांच्या लग्नात अक्षता कुणी कुणी टाकल्या?" माणसं रिकामे हात पाठीमागं लपवायची.

सोनईपासून कर्जतपर्यंत खेळ झाले. स्वतःच्या गावात मात्र गोजरबाई खेळ घेऊ देईना. "गावात मला कोन नवरी म्हननार," म्हणायची.

दसरा झाला आणि घरात संस्कृतीचं लग्न ठरलं. संस्कृती तिची नात, नववीतली. नवरा मुलगा कर्जतकडचा. त्याच्या आईचे गुडघे गेले होते आणि तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, पैसेही अर्धेच. त्यांचा कोयता अर्धा झाला होता, तो पुरा करायला सून पाहिजे होती. गोजरबाईला सगळं शेवटी कळलं.

"पोरगी नववीत हाय, हनुमंता," ती मुलाला म्हणाली.

"आई, नाटक लोकांच्या दारात करायचं. घरात न्हाई."

गावोगाव माईकवर बोललेली बाई घरात उठून चुलीपुढं गेली. तिथं तिची तालीम झालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पंकजाताईंना सांगितलं. त्यांनी लगेच फोन काढला. "थांबा, मी तक्रार करते."

"आत्ता थांबंल. पुढल्या साली कुनाला न सांगता लावतील," गोजरबाई म्हणाली. "त्यापरीस आमच्या गावात खेळ घ्या."

मारुतीच्या देवळापुढं खेळ लागला. संस्कृतीचा खरा मामा वाल्मिक पाथर्डीहून जीप घेऊन आला होता, लग्नाच्या बोलणीसाठी. भिमाजीनं मामाला हाक मारली आणि गावातल्या टारगटांना आयतीच संधी मिळाली. "ह्यो बघा मामा! अस्सल हाय!" वाल्मिक केसांवरून हात फिरवत, हसत पुढं आला. त्यानं गोजरबाईचा हात धरला.

ती उठली नाही. "मामा, मला शाळंत जायाचंय."

वाल्मिकला वाटलं, नाटकातलंच आहे. "चल बये, भटजी खोळंबलाय!" लोक हसले.

"मामा, मी नववीत हाय."

आता वाल्मिकनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पोरींच्या घोळक्याकडं. तिथं संस्कृती मान खाली घालून बसली होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, ह्ये नाटकात हाय का?"

"न्हाई."

भिमाजीला काही कळेना. त्यानं आपलं पुन्हा ओरडून मामाला बोलावलं. वाल्मिकनं हात सोडला. "मामा आनीत न्हाई म्हनावं," एवढं बोलून तो गर्दीतून वाट काढत जीपकडं निघून गेला.

मामाशिवाय नवरी मांडवात कशी येणार? खेळ तिथंच अडला. पंकजाताईंचा नेहमीचा प्रश्न विचारायचा राहून गेला. लोक मुठीतली ज्वारी घेऊन उभे. कुणी ती पारावर चिमण्यांना टाकली, म्हाताऱ्यांनी पदराला बांधली. धान्य ते, फेकायचं कसं?

हनुमंत घरी येऊन आदळआपट करील, अशी तयारी ठेवून गोजरबाई बसली होती. तो आला आणि उंबऱ्यावर बसला. राग होता, पण आवाज चढला नाही.

"जाईल शाळंत. आमी सगळी कारखान्याला गेल्यावर ती राहनार कुनापाशी? गावातलं वसतिगृह आठवीपोतर. नववीची पोरगी कुनी ठिवून घेत न्हाई. शेजारपाजार तोडीला, वस्ती मोकळी. तरनी पोर एकलीच घरात ठिवू? का उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत ठिवू, जितं आंगुळीला आडोसा न्हाई? तुमच्या नाटकात हाय का ह्येचं उत्तर?"

नव्हतं. एवढ्या गावांत एवढे खेळ केले, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही लिहिला नव्हता. नाटकातल्या नवरीचा बाप नुसता मिशा पिळायचा. गोजरबाईला आपल्या पोराच्या तोंडाकडं बघवेना. तो भ्यालेला होता आणि तिनं ते इतके दिवस ओळखलं नव्हतं.

"मी राहते तिच्यापाशी," ती म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या सूर्यभाननं मान वर केली. म्हणजे आता त्याचाच कोयता अर्धा. इतक्या वर्षांच्या हंगामात ती एकदाही मागं राहिली नव्हती. त्यानं तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाला, "पलीकडच्या वस्तीवरला श्रीमंतभाऊ एकटाच हाय. बायको वारल्यापासनं त्याचाबी कोयता अर्धाच. इचारतो त्याला."

"दहावीपोतर," हनुमंत म्हणाला. "पुढलं पुढं बघू." त्यानं कर्जतला नकाराचा फोन लावायला वाल्मिकला सांगितलं. स्वतः लावला नाही.

दिवाळी झाली आणि तोडीला जाणारे ट्रक भरून गेले. उसाच्या फडांवर खेळ सुरू झाल्यावर पंकजाताईंचा फोन आला. नवरीचं काम करायला कुणी सापडेना, मधेच तुम्हाला येता येईल का? गोजरबाई म्हणाली, जमायचं नाही. आणि नवरी कुणीही घ्या, पण बापाला नुसता मिशा पिळत उभा करू नका, त्याला बोलायला लावा.

थंडी पडली. लग्नानंतर गोजरबाई थंडीच्या दिवसांत स्वतःच्या घरी कधी नव्हतीच. सकाळी अंगण गार पडलेलं. ती बाज घेऊन एका भिंतीला गेली, दुसऱ्या भिंतीला गेली, कुठंच ऊन नाही.

"आजी, हिकडं न्हाई," वेणी घालत संस्कृती म्हणाली. "गोठ्याच्या अंगाला येतं. ह्या दिवसांत तितनंच वर चढतं. वसतिगृहातनं घर झाडायला यायची, तवा बघितलंय."

गोजरबाईनं बाज गोठ्याकडं ओढली आणि बसली.