सुवर्णलेणी केमिकल्सचे महाव्यवस्थापक

आमच्या कॉलेजात पत्रकारिता आणि जनसंपर्क शिकवणारे आम्ही चौघं. चौघांनाही मुलं मागून नावं ठेवतात. पाचवे कडुबा वाहुळ, विभागाचे शिपाई. त्यांना कुणी नावं ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मुकुंदवाडीहून सायकलवर येणार, साडेनऊला कुलूप उघडणार, माठ भरणार, आणि वर्षातून तीनदा खिळ्यावरचा कोट अंगात चढवून बिडकीनच्या रासायनिक कारखान्याचे महाव्यवस्थापक होणार.

हा कारखाना मी काढला. आमच्या पाठ्यपुस्तकातली सगळी उदाहरणं परदेशातली, त्यातल्या गावांची नावं घेताना मुलांची बोबडी वळायची. म्हणून चौदा वर्षांपूर्वी मी स्वतःची सरावपुस्तिका लिहायला घेतली आणि 'सुवर्णलेणी केमिकल्स' कागदावर उभी केली. एक धुरांडं, साडेतीनशे कामगार आणि पहिल्याच पानावर वायुगळती. मग वर्गातच सरावाची पत्रकार परिषद, अर्धा वर्ग पत्रकार, अर्धा वर्ग कंपनीची माणसं. महाव्यवस्थापक म्हणून बोलावलेला पाहुणा ऐनवेळी आला नाही, तेव्हा पाण्याचे ग्लास ठेवायला आलेल्या कडुबांना मी खुर्चीत बसवलं.

माणूस तयारच होता. गळती झाली का? "चौकशी चालू आहे." चूक कुणाची? "प्रकरण वरिष्ठांकडं आहे." कामगारांना भरपाई कधी? "योग्य वेळी कळवण्यात येईल." मुलं घामाघूम झाली आणि कडुबांच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. नंतर मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाले, "मॅडम, रोजंदारीवर लागून आठ वर्षं झाली. दर महिन्याला हापिसात इचारतो, कायम कधी करता म्हणून. तिथं हीच उत्तरं मिळत्यात."

एकाच गोष्टीवर आमचं भांडण व्हायचं. मी कागदावर दोन कामगार मेले असं लिहायची आणि कडुबा त्यांना मरू द्यायचे नाहीत. "जखमी धरा मॅडम. पोरं घरी जाऊन जेवणार हायेत." चौदा वर्षांत कारखान्यात अकरा गळत्या झाल्या, दोन संप झाले, एकदा बिबट्या शिरला. सगळे वाचले, बिबट्यासकट. अशा कारखान्यावर बातमी काय लिहिणार, कपाळ?

यंदा कॉलेजानं रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी काढली. कडुबांना आता बावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चार उरली होती. यादी महिनाअखेरीस बंद होणार आणि पुढची कधी निघेल ते देव जाणे. रत्नमालाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला फोन करून सांगितलं, "मॅडम, या खेपेला राहिलं तर राहिलंच बघा."

आणि घोळ मीच घालून ठेवला होता. विभागाचं काम दिसावं म्हणून मुलांच्या सगळ्या सराव-प्रेसनोट मी हौसेनं कॉलेजच्या वेबसाइटवर टाकल्या होत्या, कडुबांच्या नावानिशी, फोटोनिशी. आस्थापना विभागाच्या अतुल सरांनी यादीतली नावं तपासताना त्या काढल्या आणि मला बोलावलं.

"मॅडम, हा माणूस चौदा वर्षं दुसरीकडं महाव्यवस्थापक आहे."

"सर, तो सराव आहे. असा कारखानाच नाही."

"कारखाना नाही, आणि एकेचाळीस प्रेसनोट आहेत?"

"त्या मुलांनी लिहिल्यात. मी तपासून मार्क दिलेत."

"म्हणजे तुम्ही तपासलेलं आहे," असं म्हणून त्यांनी तेही टिपून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, "एक माणूस दोन नोकऱ्या करू शकत नाही. तिथलं कार्यमुक्तीचं पत्र आणा. नाहीतर कारखाना नाही असं लेखी आणा."

"कुणाकडून?"

"कारखान्याकडून."

मी तिथं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कडुबा मात्र दुसऱ्या दिवशी खाडा करून खरंच बिडकीनला गेले. साहेबानं सांगितलंय तर एकदा बघून यावं, असा त्यांचा हिशोब. चहाच्या टपरीवर विचारलं, सुवर्णलेणी केमिकल्स कुठं हो? टपरीवाल्यानं किटली खाली न ठेवता सांगितलं, "लई लांब नाय. सरळ जावा, डाव्या हाताला." पुढं एका मेंढपाळानं उजव्या हाताला सांगितलं. तिसऱ्या माणसाचा तर मेहुणाच तिथं कामाला होता. नाही म्हणायला कुणाची जीभच वळेना. दोन कोस चालून कडुबा एका रिकाम्या प्लॉटपाशी पोचले. तिथं बाभळी होत्या आणि खुर्ची टाकून बसलेला एक वॉचमन होता. त्याला यांनी बिचकत आपलं आणि कारखान्याचं नाव सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. "सायेब, तुमी आले व्हय? तीन महिन्यांपासून कुणी फिरकलंच नाय बघा."

कडुबांनी त्याला आपला डबा दिला आणि ते परत आले.

मग आम्ही दुसरी वाट धरली. श्रेया नावाची एक हुशार, आगाऊ मुलगी आहे वर्गात. तिनं सुवर्णलेणीचं लेटरहेड केलं, कार्यमुक्तीचं पत्र लिहिलं. खाली सही कुणाची? महाव्यवस्थापकांची. म्हणजे कडुबांनीच कडुबांना कार्यमुक्त केलं, सचोटीचा दाखला दिला आणि पुढील आयुष्यासाठी शुभेच्छाही दिल्या. मला वाटलं, अतुल सर आता पत्र फेकून मारतील. त्यांनी ते दोनदा वाचलं, आवक क्रमांक घातला आणि म्हणाले, "बाकीचं सगळं जाहीर झालेलं आहे. राजीनामाही जाहीर व्हायला पाहिजे. मी स्वतः येतो."

अशी शेवटची पत्रकार परिषद ठरली. महिन्याचा शेवटचा दिवस होता. वर्ग खच्चून भरला होता. मागच्या बाकावर अतुल सर कडुबांची फाईल उघडून बसले. सहीची जागा कोरी होती, ती मला दारातूनही दिसत होती. कडुबांनी निवेदन वाचलं. वैयक्तिक कारणामुळं पद सोडत आहे, कंपनीविषयी तक्रार नाही. मुलांनी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांनी नेहमीसारखी तोंडाला पानं पुसली. मी घड्याळाकडं बघत होते. लवकर आटोपावं, सही व्हावी, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात श्रेया उठली. हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता.

"साहेब, या कंपनीनं तुम्हाला कायम केलं होतं का?"

या बाईला आत्ताच सुचायचं होतं? कडुबा काहीतरी गुळमुळीत बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. चौदा वर्षांत त्यांनी एकाही प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी केलं. मला इचारावं बी लागलं नाय."

कुणीही ते लिहून घेतलं नाही. श्रेया उभीच राहिली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मागच्या बाकावर अतुल सरांनी खिशातून पेन काढलं, सही केली आणि खाली तारीख टाकली. बावीस वर्षांपूर्वीची टाकता येत नव्हती, म्हणून आजची टाकली.